सतरा नंबरच्या प्लॉटवरची हरकत

खोपोली
१४ जून १९७४

मा. द. भि. सुळे,
सदस्य, बांधकाम उपसमिती,
उगवती सहकारी गृहनिर्माण संस्था

महोदय,

उपसमितीचे ३ जूनचे पत्र मिळाले. टेकडीवरच्या प्लॉट नंबर १७ साठी मी दिलेला घराचा नकाशा आपण नामंजूर केला आहे. हरकती दोन आहेत. एक, घर प्लॉटच्या मधोमध न बांधता पूर्वेच्या कोपऱ्यात सरकवावे. दोन, संडास व मोरीचे पाणी संस्थेच्या विहिरीच्या अंगाला उतरणार नाही अशी व्यवस्था करून मगच नकाशा पुन्हा सादर करावा.

पहिल्या हरकतीबद्दल माझे म्हणणे असे, की प्लॉट सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. माझी चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने उचलली. सर्वांत वरचा प्लॉट मला लागला, यात माझा अपराध नाही. मधोमध बांधलेले घर खालच्या रस्त्यावरून दिसते, कोपऱ्यात सरकवलेले दिसत नाही, हे नकाशा न शिकलेल्या माणसालाही कळते.

दुसऱ्या हरकतीबद्दल. विहिरीच्या वरच्या अंगाला आज चार घरे उभी आहेत. त्यांच्या मोऱ्यांचे पाणी कुठे जाते, असे समितीने त्यांना विचारल्याचे ऐकिवात नाही. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. सांडपाण्याने विहीर कशी नासते ते मला शिकवलेले आहे. पाणी कोणत्या जातीच्या मोरीतून आले हे विहिरीला कळत नाही, हे मात्र मला कोणी शिकवावे लागले नाही.

पत्राखाली तीन सह्या आहेत. चेअरमन ठोंबरे यांच्या सहीचे मला नवल वाटले नाही. तुमच्या सहीचे वाटले.

३० तारखेच्या सभेत मी माझे म्हणणे सर्वांसमोर मांडणार आहे.

जयभीम.

जयवंता सोमा सोनावळे

•

खोपोली
८ जुलै १९७४

सुळेसाहेब,

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज संस्थेचा कारकून चिमा केंद्रावर मुलाला घेऊन आला, आणि सुई टोचून होईपर्यंत सांगत राहिला, “सुळेसाहेबांनी समितीचा राजीनामा दिला. पुन्याला लेकीकडं गेले. घराला कुलूप हाय. कधी येनार ते म्हायत नाय.” पत्ताही त्यानेच दिला, मी मागितला नव्हता.

राजीनामा माझ्यामुळे दिला असाल तर ती तुमची मर्जी. मी बोलले ते भर सभेत, तुमच्या तोंडावर बोलले. पाठीमागे काही बोलले नाही.

तुम्ही उभे राहून म्हणालात, “सतरा नंबरचा मधला भाग भरावाचा आहे. तिथून पूर्वी ओहोळ वाहायचा. रस्ता करताना खाणीतला राडा टाकून तो बुजवला. तिथे जोतं घातलं तर ते बसेल.” मी विचारलं, “मग प्लॉट पाडताना ओहोळ आठवला नाही? माझी चिठ्ठी निघाल्यावर आठवला?” तुम्ही काही बोलायच्या आत ठोंबरे हसत म्हणाले, “अवो नर्सबाई, ज्यांनी तुमाला शिकायला धाडलं त्यांनाच उलट बोलताय?”

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “सुळेसाहेब, तुमचा ओहोळ जमिनीत नाही, मनात आहे. आमच्यातलं कोणी वरच्या अंगाला राहायला आलं की तो भरून वाहतो.”

तुम्ही चष्मा काढून पुसलात, कागद गोळा केलेत आणि निघून गेलात. उत्तर दिलं असतंत तर बरं झालं असतं.

माझ्या नर्सिंगच्या अर्जाची गोष्ट मी विसरलेले नाही. ठाकुरवाडीला रेल्वेत तुमच्या हाताखाली माझे वडील, आबा, गँगमन होते. सतरा वर्षांच्या मला घेऊन ते तुमच्या बंगल्याच्या मागच्या दाराशी उभे राहिले आणि तुम्ही टेबलाशी बसून माझा अर्ज लिहून दिलात. तो अर्ज नसता तर आज मी दुसऱ्याच्या शेतात लावणी करत असते. पण एकदा उपकार केला म्हणजे त्या माणसाचं पुढचं सगळं खरं मानायचं का? इतकी वर्षं मी तुमचं नाव घेतलं की आधी मान खाली जायची. सभेत पहिल्यांदा वर झाली.

सभेनंतर चार दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते एवढंच, “सायेब पान्याला भितो, मानसाला नाय भित. तुला ठावं नाय.” घाटात एकोणीस वर्षं त्यांनी तुमच्याबरोबर काढली, तेव्हा ते असं म्हणणारच.

हे तुम्हाला कळवायचं काही कारण नव्हतं. लिहिलं गेलं.

जयवंता

•

खोपोली
२१ ऑक्टोबर १९७४

सुळेसाहेब,

या महिन्याच्या सुरुवातीला माझ्या नावाने एक जाड पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. आत ट्रेसिंग कागदावर एका घराचा नकाशा. घर पूर्वेच्या कोपऱ्यात, दोन टप्प्यांत उतरलेलं: वर दोन खोल्या, चार पायऱ्या खाली स्वयंपाकघर आणि ओटा. मागे डोंगराच्या अंगाला पाणी अडवून बाजूला काढणारा चर. पुढे उताराला टेकू देणारा दगडी गडगा, त्यात हात-हात अंतरावर पाणी निघायला भोकं. मोरीचं पाणी कुठे मुरवायचं त्याचा खड्डासुद्धा दाखवलेला. आणि सगळीकडे निळ्या पेन्सिलीचे छोटे बाण.

मला वाटलं, तालुक्याच्या ड्राफ्ट्समनला मी सांगून ठेवलं होतं त्यानेच पाठवला. आबांना दाखवला. आबांना अक्षर वाचता येत नाही, पण कागद त्यांनी उजेडाकडे धरला मात्र आणि म्हणाले, “ह्ये बान सायेबाचे हायेत.”

म्हणाले, घाटात गँगच्या कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही पावसाळ्यात दरडीच्या दगडांवर खडूने बाण काढून ठेवायचात. “येक बान म्हंजे हितून पानी येतं. दोन बान म्हंजे हितं उभं ऱ्हाऊ नगा. त्या बानांवर आमी जगलो गं.”

खरं लिहायचं तर पाकीट येऊन सोळा दिवस झाले. मी ते ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिलं होतं. वापरायचं नाही, परत पाठवायचं, असं दोन वेळा ठरवलं. परवा आबांनी धाऊ गवंड्याला बरोबर घेतलं, पहार नि फावडं घेतलं, आणि प्लॉटच्या बरोब्बर मधोमध, जिथे माझ्या पहिल्या नकाशात देवडी होती तिथे, खणायला लागले.

काल ड्युटी संपवून मी वर गेले. आबा छातीएवढ्या खड्ड्यात उभे. मुरूम नाही, कातळ नाही. काळा चिखल, कुजलेली पानं, खाणीतला राडा आणि त्यात आडवं पडलेलं जांभळीचं अख्खं खोड. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले तरी खड्ड्याच्या एका अंगाने पाणी झिरपत होतं. धाऊ म्हणाला, “बाय, ह्याच्यावर घर बांदलं असतं तर दोन पावसांत तुमी खालच्या रस्त्यावर घरासकट उतरल्या असत्या.”

आबा वर आले, हात धुतले.

ओहोळ जमिनीतच होता. हे वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

मी तुमची माफी मागते. पण साहेब, एक गोष्ट अजून उरते आणि ती मी गिळणार नाही. पहिली हरकत खरी होती, मान्य. दुसरीचं काय? वरच्या चार घरांना जे विचारलं नाही ते मला का विचारलं? त्या ओळीखालीही तुमची सही आहे. त्याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे, नकाशाकडून नको.

जयवंता

•

खोपोली
१० फेब्रुवारी १९७५

आदरणीय सुळेसाहेब,

तुमचं अंतर्देशीय पत्र डिसेंबरात मिळालं होतं. उत्तराला उशीर केला, कारण कालची सभा होऊ द्यायची होती. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. तुम्ही लिहिलंत:

“दुसरी हरकत ठोंबऱ्यांनी घातली. का घातली ते मला समजलं होतं. समजूनही मी सही केली, कारण पहिली हरकत पार पडायला हवी होती आणि मला वाद नको होता. माझ्या खऱ्या हरकतीच्या आडोशाला त्यांची खोटी हरकत उभी राहिली, आणि तो आडोसा मी दिला. तू सभेत बोललीस त्यातलं निम्मं चूक होतं. मी उठून गेलो ते उरलेल्या निम्म्यामुळे.”

माझ्या उभ्या आयुष्यात असं पत्र मला कोणी लिहिलेलं नाही. ज्या माणसाला मी ‘साहेब’ म्हणते त्याने तर नाहीच.

आता कालचं सांगते. तुमचा नकाशा, त्यावर तुमचं नाव घालून, मी जानेवारीत समितीकडे दिला होता. काल सभेत तो निघाला. ठोंबरे म्हणाले, “नकाशा चांगला हाय, पन सभासदांच्या भावनांचा इचार कराया पायजे. पुढच्या सभेत बघू.” दोन-चार माना हलल्या. मला वाटलं, झालं, आता पुढच्या सभेत आणि त्याच्या पुढच्या सभेत.

तेवढ्यात चिमा उठला. म्हणाला, “सुळेसाहेबांचं पत्र आलंय. वाचायचं म्हून सांगितलंय.” ठोंबरे नको म्हणेपर्यंत त्याने वाचायला सुरुवातही केली. तुम्हाला तो मजकूर पाठ असेल, तरी लिहिते, कारण तो ऐकताना मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते: “माझी पाण्यासंबंधीची हरकत या नकाशाने पूर्ण दूर झाली आहे. दुसऱ्या हरकतीवरची माझी सही मी मागे घेतो. ती करायला नको होती. यापुढे ज्या सभासदाची हरकत शिल्लक असेल त्याने ती सोबतच्या कोऱ्या कागदावर, कारण लिहून, स्वतःच्या सहीने द्यावी. ‘भावना’ हे कारण लिहायचं असल्यास कोणती भावना तेही लिहावं.”

आणि चिमाने खरंच पाकिटातून एक कोरा कागद काढला आणि पहिल्या रांगेत दिला.

साहेब, तो कागद एक्केचाळीस माणसांच्या हातांतून गेला. मी प्रत्येकाकडे बघत होते. कोणी तो हाताला चटका बसल्यासारखा पुढे सरकवला. कोणी खिशातलं पेन चाचपलं आणि सोडून दिलं. बारा नंबरच्या गुरुजींनी तो उलटसुलट बघितला, हसले, आणि मोठ्याने म्हणाले, “माझं काही नाही बुवा.” शेवटी तो माझ्याकडे आला. कोरा होता. फक्त एका कोपऱ्याला कोणाच्या तरी चहाचा डाग.

नकाशा मंजूर झाला. बाहेर पडताना ठोंबरे चपला घालत होते. मला वाटलं, काहीतरी बोचरं बोलतील. ते म्हणाले, “बाई, तो गडगा तेवढा नीट बांदा. खाली माजं घर हाय.” मला त्यांचा राग यायला हवा होता. हसूच आलं. म्हटलं, “तुमच्या घरासकट धरून ठेवील असा बांधते.”

आता जे मी जुलैच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते लिहिते. तुम्हाला वाटत असेल, मी नकाशामुळे चिडले, किंवा ठोंबऱ्यांच्या टोमण्यामुळे. त्यामुळेही. पण खरं कारण त्याच्या आधी घडलं होतं. तुम्ही सभेला आलात तेव्हा आबा मागच्या बाकावरून उठले, चपला काढल्या आणि कमरेत वाकून तुम्हाला नमस्कार केला. एकसष्ट वर्षांचा माणूस, लेकीच्या घराच्या सभेला आलेला, स्वतःची लेक सभासद असलेल्या संस्थेत. तुम्ही ‘कसा आहेस सोमा’ म्हणून पुढे गेलात. तुम्हाला त्यात काही वाटलं नसेल. आबांनाही नाही. सगळी लाज माझ्या वाट्याला आली, आणि ती मी तुमच्या अंगावर फेकली. मला आबांवर ओरडता येत नव्हतं म्हणून मी तुमच्यावर ओरडले.

उपकाराने मान खाली जायची, असं मी लिहिलं होतं. आता हलकं वाटतंय. तेव्हा तुम्ही वर होता आणि मी खाली. आता तुम्ही तुमची चूक माझ्यासमोर ठेवलीत, मी माझी तुमच्यासमोर. त्यामुळे आता मला तुमचे आभार मानायला आवडतात. मनापासून मानते. नकाशाबद्दल, कोऱ्या कागदाबद्दल, आणि सतराव्या वर्षी लिहिलेल्या त्या अर्जाबद्दलसुद्धा, ज्याचे आभार मी तेव्हा नुसते तोंडाने मानले होते.

आपली,
जयवंता

•

खोपोली
१८ एप्रिल १९७६

आदरणीय सुळेसाहेब,

गुडघ्यामुळे तुम्हाला इतक्यात येता येणार नाही हे वाचून दाखवलं तेव्हा आबा खट्टू झाले. काम निम्म्याच्या पुढे गेलंय. गडगा पुरा झाला. वरच्या दोन खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत आल्या, कौलं पावसाआधी चढतील असं धाऊ छातीवर हात ठेवून सांगतो. त्याच्या छातीवर माझा फार भरवसा नाही, पण आबा त्याच्या मागे उभे असतात.

धाऊ तुमच्या भोकांवर फार चिडतो. “भिताडाला भोकं ठेवायची म्हंजे उंदरांना चाळ बांदून द्यायची.” आबांनी त्याला एक दिवस भिंतीपाशी बसवलं आणि म्हणाले, “धाऊ, तुला मुतायला बंदी केली तर तू किती टायम उभा ऱ्हाशील? भिताडाचं तसंच हाय.” बायका काम करत होत्या त्या तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून धाऊ भोकं मोजून ठेवतो.

आबा सकाळी सहाला वर जातात, उन्हं उतरली की येतात. दगड निवडतात, परत पाठवतात, पुन्हा आणवतात. मी म्हटलं, आबा, बास करा, वय झालं. म्हणाले, “उभ्या जल्मात रेल्वेच्या भिंती बांदल्या. ही पयली भिंत हाय जिला टेकून बसता यील.”

आणखी एक सांगायचं राहिलं. मोरीच्या पाण्याचा जो खड्डा तुम्ही काढून दिलात, त्याची गोष्ट मी संस्थेच्या सभेत मांडली. म्हटलं, माझ्या घराला ही अट चांगली आहे, तर ती सगळ्यांनाच चांगली आहे. मी नर्स म्हणून सांगते, मागच्या पावसात विहिरीच्या पाण्याने या टेकडीवर नऊ जणांना हगवण लागली. ठराव झाला. आता प्रत्येक घरामागे खड्डा खणला जातोय. पहिला माझ्याकडे झाला, दुसरा ठोंबऱ्यांकडे. बघायला मीच गेले होते. त्यांच्या बायकोने आत बोलावून चहा दिला. कप त्यांच्याच घरातला होता, बशीसकट. पूर्वी असतं तर मी त्यावरही पत्र लिहिलं असतं. या वेळी नुसता चहा प्यायले. साखर जास्त होती.

संध्याकाळी कामगार गेले की मी खालच्या ओट्याच्या जोत्यावर बसते. समोर पाताळगंगेचं खोरं दिसतं. मधोमध बांधलं असतं तर घर रस्त्यावरून दिसलं असतं. कोपऱ्यातून घरालाच सगळं दिसतं.

पाऊस सरल्यावर तुम्ही यायचं आहे. टेंपो थेट वर येतो आता. चढावं लागणार नाही.

आपली,
जयवंता

•

उगवती सोसायटी, खोपोली
७ नोव्हेंबर १९७६

आदरणीय काका,

जाताना तुम्ही म्हणालात, “साहेब पुरे झालं आता.” म्हणून काका लिहिलं. सवय व्हायला वेळ लागेल.

तुम्ही पोचल्याचं पत्र मिळालं, बरं वाटलं. घरभरणीच्या दिवशी मला तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही. लोकांनी घर भरलं होतं. पण जे मी खिडकीतून पाहिलं ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण तुम्ही त्यात होतात, बघत मी होते.

तुम्ही टेंपोतून उतरलात आणि दारात न येता थेट गडग्याकडे गेलात. मी चहा टाकला होता. म्हटलं, येतील. तुम्ही गडग्याच्या भोकांत बोटं घालून बघत होतात. काठी टेकत खाली वाकत होतात. आबा तुमच्या मागे दोन पावलांवर, हात पाठीशी बांधून. ठाकुरवाडीला असेच चालत असतील. मग तुम्ही मागच्या चराशी थांबलात. काठीने चराची रेघ दाखवलीत आणि तुमचा आवाज चढला. खिडकी उघडी होती, मी सगळं ऐकलं.

“सोमा, हा चर इथे का वळला? मी सरळ काढला होता.”

आबांनी वर डोंगराकडे बघितलं. मला वाटलं, आता ‘चुकलं सायेब’ म्हणतील. माझा हात कपावरच राहिला.

“सायेब, तुमची रेघ चुकली व्हती,” आबा म्हणाले.

“चुकली?”

“व्हय. वर तो काळा धोंडा बघा. पानी वरून येतं ते त्या धोंड्यावर आपटतं न् उडी मारतं. तुमी कागदावर काढलं तवा धोंडा झाडीत दडलेला. चर सरळ ठेवला असता तर पानी चराच्या वरून उडी घेऊन थेट जयवंताच्या खोलीत आलं असतं. म्हून मी तो धोंड्याच्या मागून घेतला. दोन हात.”

“तुला कसं कळलं?”

“काम सुरू व्हायच्या आदी, गेल्या सालच्या जुलयात, इरलं घेऊन हितं तीन दिस बसलो. बघत.”

मलाही हे माहीत नव्हतं. आबा त्या जुलैत तीन दिवस कुठे जातात म्हणून मी रागावले होते. म्हणाले होते, मासे धरायला जातो.

तुम्ही वर त्या धोंड्यापर्यंत गेलात. गुडघा दुखत होता, तरी गेलात. तिथून उताराकडे कितीतरी वेळ बघत राहिलात. मग खाली येऊन म्हणालात, “बरोबर आहे तुझं. माझ्या हे ध्यानात आलं नाही.” आणि खिशातून निळी पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरलीत, “नकाशात दुरुस्त करायला हवं. घे, तूच काढ.”

आबा हसले. “तुमीच काढा, सायेब. माजी रेघ जमिनीत हाय.”

मग तुम्ही दोघं गडग्यावर टेकून बसलात आणि चर पुढे कुठे सोडायचा यावर भांडू लागलात. तुम्ही हात करून इकडे दाखवत होतात, आबा मान हलवून तिकडे. ‘नाय सायेब, नाय’ असं मी आबांच्या तोंडून तुम्हाला म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. चहा निवून साय धरली. मी हाक मारली नाही. पाहुणे विचारत होते, मालक कुठे आहेत घराचे? म्हटलं, गडग्याशी आहेत. काम करताहेत.

काका, मला घर मिळालं म्हणून लोक माझं अभिनंदन करतात. घर माझ्या नावावर आहे, खरं. पण मला जे मिळालं ते त्या खिडकीतून मिळालं. ते तुमच्यामुळे. आभार कसे मानायचे, मला अजून नीट जमत नाही. जसं जमलं तसं लिहिलं.

आबा शेजारी बसलेत. म्हणतात, माझं पण घाल. ते सांगतात तसंच लिहिते, शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

“सायेब, सोमा बोलतोय. गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांदा. पुन्यात मिळत नसंल तर मी धाडतो. घर कोरडं ऱ्हायलं. यंदाचा पाऊस तुमी पेपरात वाचला आसंल, वर लई झाला, पन चर भरून वाहिला नि आत थेंब नाय आला. ठोंबऱ्याच्या अंगनात पन नाय गेलं. तो येऊन सांगून गेला.

“दुसरं. पोरगी मला म्हनते, मी साहेबांची माफी मागितली. मागायला पायजेच व्हती, तुमी खरं बोलला व्हता. पन सायेब, ती सभेत उभी ऱ्हाऊन बोलली तवा मी मागच्या बाकावर बसलो व्हतो. माजं काळीज असं उडत व्हतं. आमच्या घरातलं कोन, आज्या-पंज्यापासून, चार मानसांत उभं ऱ्हाऊन मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तुमच्यावर बोलली ते चुकलं. पन बोलली ते लई चांगलं झालं. ते तुमाला सांगायचं ऱ्हायलं व्हतं. तुमीच शिकायला धाडली व्हती तिला.”

एकही शब्द बदललेला नाही. पाला लागला तर कळवा, पार्सल मी करीन.

तुमची,
जयवंता